वेढ्यातली चूल

२०२५ सालची दिवाळी जरा आठवून बघा. भाऊबीज होऊन जेमतेम तीन दिवस झाले होते. माहेरवाशिणी परतीच्या वाटेला लागल्या होत्या, डब्यांच्या तळाशी चिवड्याचा चुरा उरला होता आणि बायकांच्या गप्पांत सोन्याचा भाव होता. त्या रविवारी, २६ ऑक्टोबरला, आफ्रिकेतल्या सुदान देशातलं अल-फाशेर नावाचं शहर पडलं. बातमी आली आणि गेली. आपल्यापैकी किती जणींनी ती वाचली असेल?

'शहर पडलं' असं आपण सहज म्हणून जातो. भिंत पडावी, झाड पडावं तसं. पण अल-फाशेर काही एका दिवसात पडलं नाही. त्याला दीड वर्ष लागलं. पाचशेहून जास्त दिवस त्या शहराला वेढा पडला होता. या पाचशे दिवसांत तिथं काय काय घडलं, ते मी जसजशी वाचत गेले, तसतशी एक गोष्ट माझ्या मनात पक्की होत गेली. वेढ्याची लढाई तोफांनी सुरू होते खरी, पण ती जिंकली जाते ती लोकांच्या चुली विझवून. रणगाडे, सेनापती, नकाशे असले शब्द दिसले की 'हे पुरुषांचं' म्हणून आपण पान उलटतो. पण इथं लढाई होती ती पीठ, तेल, पाणी आणि सरपण यांच्यावरून. म्हणजे आपल्याच खात्यातली की! मग ती आपण नाही समजून घ्यायची, तर कुणी?

आधी थोडी ओळख करून घेऊ. इजिप्तच्या दक्षिणेला सुदान. नाईलच्या दोन धारा जिथं एकत्र येतात तिथं त्याची राजधानी खार्टूम. देशाच्या पश्चिम टोकाला दार्फुर, म्हणजे 'फुर लोकांचं घर'. आकारानं आपल्या महाराष्ट्राच्या दीडपटीहून मोठा असलेला हा मुलूख. अठराव्या शतकाच्या अखेरीला इथल्या सुलतानांनी अल-फाशेरला आपली राजधानी केली. इथूनच वाळवंट ओलांडून इजिप्तकडे उंटांचे तांडे जात. त्या वाटेचं नावच 'चाळीस दिवसांची वाट'. अलीकडच्या काळात उत्तर दार्फुर प्रांताची ही राजधानी. बाजार, शाळा, विद्यापीठ, इस्पितळं असलेलं, जिल्ह्याच्या ठिकाणासारखं नांदतं शहर.

आणि तिथल्या बायका रांधतात काय, तर ज्वारी आणि बाजरी! जगातल्या मोठ्या ज्वारी पिकवणाऱ्या देशांत सुदानची गणना होते. ज्वारीचं पीठ आंबवून पातळ पोळ्या घालतात, त्यांना 'किसरा' म्हणतात. दार्फुरमध्ये बाजरीच्या पिठाची घट्ट उकड घाटतात, ती 'असिदा'. सोबत वाळवलेल्या भेंडीची पूड घातलेलं कालवण. आपल्याकडच्या सोलापूर-मराठवाड्याकडच्या बाईला त्या स्वयंपाकघरात उभं केलं, तर तासाभरात ती तिथं रुळेल. तेव्हा 'कुठं तो सुदान' असं म्हणायला नको.

आता भांडण कुणाचं? एका बाजूला देशाचं सैन्य, त्याचे प्रमुख जनरल अब्देल फतह अल-बुरहान. दुसऱ्या बाजूला 'रॅपिड सपोर्ट फोर्सेस' नावाचं निमलष्करी दल, थोडक्यात आरएसएफ. त्याचे प्रमुख मोहम्मद हमदान दगालो. सगळे त्यांना 'हेमेदती' म्हणतात. या दलाचं मूळ समजून घ्यायला हवं. २००३ साली दार्फुरमधल्या बिगर-अरब जमातींनी सरकारविरुद्ध बंड केलं. आमच्या भागाकडे तुमचं लक्षच नाही, ही त्यांची तक्रार. ते बंड मोडायला तेव्हाच्या ओमर अल-बशीर सरकारनं अरब टोळ्यांना हत्यारं दिली. त्याच कुप्रसिद्ध 'जंजावीद' टोळ्या. त्यांनी गावंच्या गावं जाळली. संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजानुसार त्या संघर्षात पुढच्या पाचेक वर्षांत सुमारे तीन लाख माणसं गेली, पंचवीस लाखांहून जास्त लोकांची घरं सुटली. पुढं २०१३ साली याच टोळ्यांना गणवेश चढवला आणि त्याचं आरएसएफ झालं. साप पाळायचा आणि तो शेजाऱ्यालाच चावेल अशी खात्री बाळगायची, असा हा प्रकार!

मधे एक सुंदर पर्व येऊन गेलं. ते सांगितल्याशिवाय पुढं जाववत नाही. डिसेंबर २०१८ मध्ये पावाची किंमत एकदम तिप्पट झाली. लोक रस्त्यावर उतरले. त्या आंदोलनात बायका सगळ्यात पुढे होत्या. पांढरा 'तोब' नेसून मोटारीच्या टपावर उभी राहिलेली आला सालाह ही विद्यार्थिनी एप्रिल २०१९ मध्ये जगभरच्या वृत्तपत्रांत झळकली होती. सुदानी लोकांनी या बायकांना 'कंदाका' म्हटलं. प्राचीन काळी तिथल्या राण्यांना हे बिरुद होतं. तीस वर्षं सत्तेवर असलेले बशीर गेले. पाव महाग झाला म्हणून चुलीपासून निघालेली ती हाक होती. सत्ता थोडा काळ मुलकी नेते आणि सेनापती यांच्यात विभागली गेली. पण ऑक्टोबर २०२१ मध्ये बुरहान आणि हेमेदती या दोघांनी मिळून मुलकी सरकार उलथलं. आणि मग दोन तलवारी एका म्यानात राहिनात. आरएसएफनं सैन्यात कधी आणि कसं विलीन व्हायचं यावरून वाद पेटला आणि १५ एप्रिल २०२३ला खार्टूममध्ये गोळीबार सुरू झाला. त्या धामधुमीत आपल्या सरकारनं 'ऑपरेशन कावेरी' राबवून सुमारे ३८०० भारतीयांना मायदेशी आणलं होतं, ते अनेकींना आठवत असेल. आपली माणसं सुखरूप आली, आपण सुटकेचा निःश्वास टाकला आणि सुदान विसरलो. युद्ध मात्र थांबलं नाही.

२०२३ सरेपर्यंत दार्फुरमधल्या पाचपैकी चार प्रांतांच्या राजधान्या आरएसएफनं घेतल्या. त्यातल्या अल-जेनेना शहरात मसालित जमातीची जी कत्तल झाली, त्यात दहा ते पंधरा हजार माणसं मारली गेल्याचा आकडा संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञ समितीच्या अहवालात आहे. उरलं एकटं अल-फाशेर. तिथं स्थानिक मंडळींनी मध्यस्थी करून काही काळ शांतता राखली होती. म्हणून आजूबाजूच्या जळणाऱ्या मुलखातून लोक तिथंच आसऱ्याला आले. शहराच्या भोवती तर २००३ पासूनच्या विस्थापितांच्या छावण्या होत्या. त्यातली झमझमची छावणी सगळ्यात मोठी, पाच लाखांच्या आसपास माणसांची. म्हणजे बघा, एकदा घर जळालेली, दोनदा जळालेली, तीनदा जळालेली अशी सगळी माणसं एकाच ठिकाणी येऊन टेकली होती.

दोन्ही बाजूंना हे शहर का हवं होतं? सैन्याचा दार्फुरमधला तो शेवटचा मोठा तळ. लिबिया आणि चाडकडे जाणारे रस्ते तिथून नियंत्रित करता येतात. ते मिळालं की संपूर्ण दार्फुर आरएसएफचा. मार्च २०२५ मध्ये सैन्यानं राजधानी खार्टूम परत जिंकल्यावर तर आरएसएफला अल-फाशेर हवंच झालं. आणि जुलैमध्ये त्यांनी न्याला शहरात आपलं वेगळं सरकारही जाहीर करून टाकलं. असं हे गणित. त्या गणितात शहरातल्या लाखो माणसांचा हिशोब कुठं होता? कुठंच नाही.

वेढा हा शब्द मराठी माणसाला नवा नाही. सिद्दी जौहरनं पन्हाळ्याला घातलेला वेढा आपण चौथीच्या पुस्तकात वाचला. पन्हाळ्यावर गेलं की गाईड आपल्याला अंबरखाना दाखवतो, त्या प्रचंड धान्यकोठ्या बघून छाती दडपते. किल्ला म्हटलं की आधी धान्य आणि पाणी, हे त्या काळच्या लोकांना पुरतं कळत होतं. 'रसद तोडणे' हा शब्दही त्यातूनच आला. पण किल्ला शिबंदीसाठी असतो, त्याला वर्षाचं धान्य भरून ठेवता येतं. शहराचं तसं नसतं. शहर रोज बाहेरून येणाऱ्या गाडीवर जगतं. आपल्याकडे ट्रकवाल्यांचा संप चार दिवस लांबला तरी भाजीचे भाव कसे कडाडतात? तिथं असे पाचशे दिवस!

मे २०२४ पासून अल-फाशेरभोवतीचा फास आवळत गेला. वाटा एकेक करून बंद झाल्या. जूनमध्ये 'डॉक्टर्स विदाऊट बॉर्डर्स' संस्थेच्या मदतीनं चालणाऱ्या साउथ हॉस्पिटलमध्ये आरएसएफचे लोक घुसले, लुटालूट झाली आणि ते इस्पितळ बंद पडलं. मग राहिलं सौदी प्रसूतिगृह. नाव प्रसूतिगृहाचं, पण बाळंतिणींपासून बॉम्बनं जखमी झालेल्यांपर्यंत सगळा भार त्याच्यावर. जानेवारी २०२५ मध्ये त्या इस्पितळावर ड्रोन हल्ला झाला, सत्तरच्या आसपास माणसं गेली. तरी ते चालू राहिलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये झमझमच्या छावणीत दुष्काळ जाहीर झाला. आता हा 'दुष्काळ' शब्द मला इथं खटकतो. आपण मराठी माणसं दुष्काळ म्हटलं की आभाळाकडे बघतो. पाऊस पडला नाही, पीक गेलं, जनावरं चारा छावणीत गेली, बायका रोजगार हमीच्या कामावर गेल्या. बहात्तरचा दुष्काळ बघितलेल्या सासवा अजून घरोघरी आहेत. तिथं मात्र शेजारच्याच मुलखात धान्य होतं. मदत संस्थांचे ट्रक भरून उभे होते. फक्त रस्त्यावर बंदूक होती. निसर्गानं केलेला दुष्काळ आणि माणसानं मुद्दाम केलेली उपासमार यांना एकच शब्द वापरला, की गुन्हेगार सुटतो. हे म्हणजे कुणी दाराला बाहेरून कुलूप लावायचं आणि आतला माणूस मेला की 'बिचारा उपाशी गेला' म्हणायचं!

भाव किती चढले होते? जागतिक अन्न कार्यक्रमानं ऑगस्ट २०२५ मध्ये सांगितलं, की ज्वारी आणि गहू देशाच्या इतर भागांपेक्षा अल-फाशेरमध्ये ४६० टक्क्यांपर्यंत महाग आहेत. म्हणजे जी ज्वारी बाहेर शंभराला, ती इथं साडेपाचशेच्या पुढं. बरं, पैसे होते तरी उपयोग काय? परदेशातले नातलग मोबाईलवरून पैसे पाठवत. पण नोटाच मिळेनात. खात्यातल्या पैशाची रोकड करून देणारे दलाल त्यात मोठा वाटा कापून घेत. खात्यावर पैसे आणि हातात भोपळा! अडचणीतल्या बाईला सावकार कसा गाठतो, हे बचत गटात काम करणाऱ्या आम्हा बायकांना कुणी समजावून सांगायला नको.

मग लोक काय खात होते? शेंगदाण्याचं आणि तिळाचं तेल काढल्यावर जो चोथा उरतो, तो. तिकडं त्याला 'अंबाझ' म्हणतात. आपल्याकडे त्याला पेंड म्हणतात आणि ती आपण म्हशीपुढं ठेवतो. आईनं पोटच्या पोराला पेंड भिजवून भरवायची! घरात गुरं असलेल्या माझ्या मैत्रिणींनो, क्षणभर थांबून याची कल्पना करा. ऑक्टोबर उजाडेपर्यंत तर ती पेंडही मिळेनाशी झाली. बायका झाडपाला आणि रानफळं गोळा करून उकळू लागल्या. त्यात ऑगस्ट २०२५ मध्ये आणखी एक भर पडली. शहराभोवती मातीचा उंच बांध घातला जात असल्याचं उपग्रहाच्या छायाचित्रांवरून अमेरिकेतल्या येल विद्यापीठाच्या अभ्यासकांनी दाखवून दिलं. तेव्हाच त्याची लांबी तीस किलोमीटरच्या वर गेली होती. रात्री चोरवाटांनी थोडंफार पीठ-मीठ येत होतं, तेही बंद. आत त्या वेळी साधारण २ लाख ६० हजार माणसं होती आणि युनिसेफच्या म्हणण्यानुसार त्यातली निम्मी मुलं.

अशा वेळी शहर जगलं कसं? तर शेजाऱ्यांनी जगवलं. सुदानमध्ये 'नफीर' नावाची जुनी रीत आहे. कुणाचं घर बांधायचं असो, पीक काढायचं असो, हाक घातली की सगळ्यांनी जमायचं. आपल्या इर्जिकीची सख्खी बहीणच म्हणा ना! त्या रितीतून युद्धकाळात गल्लोगल्ली तरुण मुलामुलींचे मदत गट उभे राहिले. मदत संस्थांच्या गाड्या जिथं पोचत नव्हत्या, तिथं हे गट अन्नछत्रं चालवत होते. तिथं त्यांना 'तकाया' म्हणतात. सूफी पंथाच्या जुन्या अन्नछत्रांचं ते नाव. मोठी पातेली, तीन दगडांची चूल आणि सकाळपासून ताटल्या-डबे घेऊन लागलेली रांग. दिवसातून एकदा असिदा किंवा पातळसं कालवण. घाटायला बहुतेक ठिकाणी बायकाच. याच मदत गटांचं जाळं २०२५च्या 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्काराचं मानकरी ठरलं. सरकार नाही, पगार नाही, संरक्षण नाही. पैसे असतील तोवर पातेलं चढायचं, संपले की चूल थंड. वेढ्याच्या शेवटच्या महिन्यांत एकेक अन्नछत्र बंद पडत गेलं. माझ्या मते अल-फाशेरची खरी तटबंदी ही होती. ती ढासळली, तेव्हाच शहर आतून रितं झालं होतं.

एक गोष्ट आमच्या वस्तीतल्या कामातही मी कायम बघते. घरात अन्न कमी पडलं की सगळ्यात आधी बाईचं ताट रिकामं होतं. तिच्या न जेवण्याची नोंद कुठंच होत नाही. तिथंही आया स्वतः उपाशी राहून मुलांच्या तोंडात घास घालत होत्या. पाण्याला, सरपणाला बाहेर पडायचं तेही त्यांनीच, आणि त्या वाटेवर त्यांच्यावर काय काय अत्याचार झाले, त्याचे अहवाल वाचवत नाहीत. वेढा सगळ्यांनाच असतो. पण बाईच्या वाट्याला वेढ्याच्या आत आणखी एक वेढा असतो.

मग जग काय करत होतं? कागदावर पुष्कळ! युद्धात सामान्य लोकांना उपाशी मारणं हे १९७७च्या करारांनीच निषिद्ध ठरवलं आहे. मे २०२३ मध्ये जेद्दाला दोन्ही सैन्यांच्या प्रतिनिधींनी लोकांना इजा करणार नाही, मदत अडवणार नाही, असं लिहून दिलं होतं. १३ जून २०२४ला सुरक्षा परिषदेनं ठराव करून आरएसएफला वेढा उठवायला सांगितलं. १४ देश बाजूनं, रशिया तटस्थ. वेढा काही उठला नाही. उलट तो पुढं आणखी सोळा महिने चालला. जून २०२५ मध्ये अन्न घेऊन निघालेला १५ ट्रकांचा ताफा अल-कोमापाशी पोचला. वर्षभरानं शहरात जाणारा तो पहिलाच ताफा ठरला असता. त्याच्यावर हल्ला झाला, पाच जण मारले गेले. दोन्ही बाजूंनी एकमेकांकडे बोट दाखवलं.

इथं एक स्पष्ट करायला हवं. वेढा आरएसएफचा होता, पण सैन्याचेही हात काही धुतल्या तांदळासारखे नाहीत. चाडच्या हद्दीवरचा आद्रेचा मार्ग सैन्याच्या सरकारनं फेब्रुवारी २०२४ मध्ये मदतीसाठी बंद केला आणि तो ऑगस्टमध्ये उघडला. ऐन टंचाईचे सहा महिने! दार्फुरमधल्या भर बाजारांवर सैन्याच्या विमानांनी बॉम्ब टाकले. बाजारात गेलेली माणसं कुणाची असतात? कुणाच्याच बाजूची नसतात. ती मीठ-मिरची आणायला गेलेली असतात.

शेवट फार भयंकर झाला. एप्रिल २०२५ मध्ये आरएसएफनं आधी झमझमची छावणी घेतली. चार लाखांवर माणसं पुन्हा एकदा परागंदा झाली. सप्टेंबरमध्ये पहाटेच्या नमाजाच्या वेळी एका मशिदीवर ड्रोन पडला, सत्तरहून जास्त माणसं गेली. आणि २६ ऑक्टोबरला सैन्याचं मुख्यालय पडलं, सैन्य माघारी गेलं, लोक मागे राहिले. पुढच्या काही दिवसांत जमात बघून, पुरुषांना वेगळं काढून हत्या झाल्या. मारणाऱ्यांनीच त्यांची चित्रफीत काढून मिरवली. मृतांचा आकडा हजारोंच्या घरात आहे. सौदी प्रसूतिगृहात रुग्ण आणि त्यांच्यासोबतची माणसं मिळून ४६० हून अधिक जणांना मारल्याचं जागतिक आरोग्य संघटनेनं जाहीर केलं. प्रसूतिगृहात! जे निसटले ते साठेक किलोमीटरवरच्या तविला गावाकडे चालत निघाले. वाटेत खंडणी, लूट, बलात्कार. २७ ऑक्टोबरला तिथं पोचलेली पाच वर्षांखालची ७० मुलं डॉक्टरांनी तपासली. सगळीच्या सगळी तीव्र कुपोषित होती. आठवड्याभरानं, नोव्हेंबरच्या सुरुवातीला, अल-फाशेरमध्ये अधिकृतपणे दुष्काळ जाहीर झाला. शहर पडल्यावर! वरातीमागून घोडं यालाच म्हणतात.

योगायोग असा, की शहर पडण्याच्या बरोबर वीस दिवस आधी, ६ ऑक्टोबरला, हेगच्या आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयानं अली कुशायब या जंजावीद म्होरक्याला २००३-०४ मधल्या गुन्ह्यांसाठी दोषी ठरवलं. पुढं त्याला वीस वर्षांची शिक्षा झाली. न्याय झाला, नाही असं नाही. पण एकवीस वर्षांनी. आणि तोवर त्याच टोळ्यांची पुढची पिढी त्याच मुलखात तेच करत होती.

आता तुम्ही विचाराल, हे सगळं ऐकून आम्ही करायचं काय? खरं सांगू, सुदानचं युद्ध आपण थांबवू शकणार नाही. पण आपला आणि त्याचा काहीच संबंध नाही, असंही नाही. थंड पेयांत आणि गोळ्या-चॉकलेटांत जो डिंक वापरतात, त्याचा जगातला सगळ्यात मोठा पुरवठादार सुदान आहे. दुसरी गोष्ट सोन्याची. सुदानमध्ये सोनं भरपूर निघतं आणि या युद्धात दोन्ही बाजूंच्या खर्चाला तेच हातभार लावतं. दार्फुरमधल्या जेबेल आमिर इथल्या सोन्याच्या खाणींतून हेमेदतींचं कुटुंब गब्बर झालं. सुदानचं बहुतेक सोनं संयुक्त अरब अमिरातीत जातं. अमिरातीतून आरएसएफला हत्यारं मिळतात, हे आरोप विश्वासार्ह असल्याचं संयुक्त राष्ट्रांच्या तज्ज्ञांनी जानेवारी २०२४ मध्ये नोंदवलं. अमिरातीनं ते सतत नाकारले आहेत. सुदान हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेला, तेव्हा मे २०२५ मध्ये अधिकारक्षेत्र नाही म्हणून खटला निकाली निघाला. सोनं एकदा वितळलं की त्याला गाव राहत नाही. दुबईहून आणलेल्या बांगडीतलं सोनं कुठल्या खाणीतलं, ते सोनारही सांगू शकत नाही. म्हणून बांगड्या घालू नका, असं मी म्हणणार नाही. पण साडी कुठल्या मागावरची, तांदूळ कुठल्या गावचा हे आपण चौकसपणे विचारतो ना? मग सोनं कुठलं, हा प्रश्न दुकानात विचारायला काय हरकत आहे? गिऱ्हाईक विचारू लागलं, की दुकानदाराला उत्तर शोधावं लागतं.

आणि दुसरं म्हणजे बातमी वाचायची रीत बदलूया. अल-फाशेरनंतर लढाईचा जोर शेजारच्या कोर्दोफानकडे सरकला. तिथल्या काडुग्ली शहरातही त्याच नोव्हेंबरमध्ये दुष्काळ जाहीर झाला. २०२५ पर्यंत या युद्धानं एक कोटी वीस लाखांच्या आसपास माणसांची घरं सुटली. उद्या आणखी कुठल्या तरी शहराचं, आणखी कुठल्या तरी देशाचं नाव येईल. तेव्हा कोण पुढं सरकलं आणि कोण मागं हटलं, एवढंच वाचून थांबायचं नाही. शहरात जाणारा रस्ता कुणाच्या ताब्यात आहे? धान्य कुणी अडवलंय? अन्नछत्रं चालू आहेत का? आणि तहाच्या बैठकीला त्या चुली चालवणारी एखादी तरी बाई बसवली आहे का? जेद्दाच्या त्या टेबलाशी दोन सैन्यं बसली होती. ज्यांनी पाचशे दिवस शहर जगवलं, त्यांना कुणी खुर्ची दिली?

गणवेशातली माणसं तह करताना सीमा, खाणी आणि विमानतळ वाटून घेतात. एखादी अन्नछत्रवाली तिथं असती, तर तिनं आधी विचारलं असतं, "पिठाची गाडी कधी सोडताय?" सगळ्यात आधी विचारायचा प्रश्न तोच आहे. तो राजकारणातला नाही, घरातला आहे असं म्हणून आजवर बाजूला ठेवला गेला. तो बाजूला ठेवल्यावर काय होतं, हे अल-फाशेरनं दाखवून दिलंय. निदान आपण तरी तो बाजूला ठेवू नये.